मालधक्क्यावरचं इंजिन

आमच्या हॉलमध्ये बारामतीचं रेल्वे स्टेशन आहे. प्लायवूडच्या तीन लांब फळ्या, खाली लोखंडी घोड्या, वर रूळ, फलाट, दोन कडुलिंब आणि एका कडेला मालधक्का. पहिल्यांदा येणारा माणूस चपला काढता काढता थबकतो आणि विचारतो, "नातवाचं का?" आम्हाला नातू नाही. हे माझ्या यजमानांचं.

ते पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. उभं आयुष्य कालवे, चाऱ्या आणि पाटमोऱ्या कागदावर उतरवण्यात गेलं. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला निघतात, हे बारामतीच्या मालधक्क्यावर जाऊन बसायला लागले. छत्री, पाण्याची बाटली आणि वही. खताची गाडी कधी लागते, सिमेंटची कधी, साखर भरून कधी निघते, ट्रक कोणत्या बाजूने वळतात, ताडपत्री कशी बांधतात, सगळं टिपून घ्यायचे. घरी आल्यावर वरच्या खोलीत तेच लहान करून उभं करायचे. प्रमाण एकास सत्याऐंशी. म्हणजे खऱ्या रेल्वेतले सत्याऐंशी फूट आमच्याकडे एका फुटात बसायचे. इंजिन तेवढं पुण्याहून विकत आणलेलं, विजेवर चालणारं. डबे मात्र घरचे, लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्याचे. बारामतीत लग्नपत्रिकांना तोटा नाही. एखादा डबा उलटा करून पाहिला तर अजून पोटाशी सोनेरी अक्षरात 'आमचे येथे श्रीकृपेकरून' दिसेल.

मला रेल्वेचं काडीचं प्रेम नव्हतं. मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात हे मला लग्नानंतर कळलं, आणि तेही "एक घरात आणलीय" असं ते मित्रांना सांगताना ऐकलं म्हणून. त्यांचं गाव इंदापूर तालुक्यातलं, भिगवणच्या अलीकडे. शेताच्या बांधावरून सोलापूरकडे जाणाऱ्या मालगाड्या दिसायच्या. डबे मोजत मोजत लहानाचे मोठे झालेले गृहस्थ. मी म्हणायचे, "खरी गाडी पाच मिनिटांवर उभी असते, ही खोटी कशाला करता?" ते म्हणायचे, "खरी आपल्यासाठी थांबत नाही."

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात दाढी करता करता ते मोरीतच खाली बसले. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आले तेव्हा त्यांच्याजवळ एकच शब्द उरला होता, 'आता'. पाणी हवं तरी 'आता', पाठ दुखली तरी 'आता', माझ्यावर चिडले तरी 'आता'. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, पण बाहेर येताना तेवढा एकच शब्द येतो. मान हलवणंही भरवशाचं नव्हतं. हो म्हणायचं असलं की नाही हलायची आणि मग स्वतःवरच संतापायचे.

जिना चढणं संपलंच होतं. मी सुताराला बोलावून वरचं स्टेशन सोडवलं आणि हॉलमध्ये त्यांच्या पलंगाला लागून उभं केलं. डावा हात पोचेल अशा बेताने मालधक्का त्यांच्या बाजूला घेतला. वाटलं, खूश होतील. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मी सदतीस वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळले, शेवटची काही वर्षं माळेगावात. न बोलणाऱ्या मुलाकडून उत्तर काढून घ्यायचं मला येतं असा माझा समज होता. "भूक लागली ना? लागली. भात खायचा ना? खायचा. शहाणा माझा." घरी तेच सुरू झालं. प्रश्नही मीच, उत्तरही मीच. घास मी भरवायचे. डाव्या हाताने त्यांना खाता आलं असतं, पण सांडायचं, वेळ लागायचा, अंगावरचा सदरा खराब व्हायचा. मला सांडलेलं बघवत नाही. ओठाच्या कडेला वरण आलं की मी घास गिळायच्या आधीच पदराने पुसायचे. हे सगळं प्रेमानेच करत होते, असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं. पण प्रेमानेही माणसाला जेरीस आणता येतं.

मग इंजिनाचं सुरू झालं. मी ताट घेऊन आले की ते डावा हात लांब करून मालधक्क्यापाशी उभं असलेलं इंजिन उचलायचे आणि माझ्या मांडीवर ठेवायचे. मी ताट बाजूला करून ते परत रुळावर ठेवायचे, सहा डब्यांच्या पुढे, नीट आकडीत आकडी अडकवून. "असं करायचं नाही, मोडेल," म्हणायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कधी माझ्या तळहातात इंजिन ठेवून माझी बोटं त्यावर मिटायचे. कधी रागाने जमिनीवर टाकायचे. एकदा पुढचा दिवा फुटला. त्या दिवशी मीही ओरडले, आणि आम्ही दोघांनीही संध्याकाळपर्यंत एकमेकांकडे पाहिलं नाही.

त्यांना सांभाळायला दिवसा एक मावशी यायच्या, तांदूळवाडीकडच्या. त्या म्हणाल्या, "बाई, साहेबास्नी काय तरी सांगायचं हाय. उगं न्हाईत करत."

मला ते पटलं. मी त्यांची वही काढली. पानंच्या पानं आकडे आणि त्यांच्या तुटक खुणा, मला एक अक्षर उमगेना. मात्र शेवटच्या पानावर सरळ लिहिलेलं होतं: 'धक्क्याचं कामकाज भिगवणच्या गार्डकडून तपासून घेणे.' त्याखाली काही नव्हतं. हे गार्ड यांच्या जुन्या ओळखीचे, मालगाडीवर नोकरी केलेले; त्यांच्याकडून तपासायचं राहून गेलं होतं. मी लगेच निष्कर्ष काढला की धक्क्याच्या मांडणीत काहीतरी चूक राहिलीय, ती यांना आता दिसतेय आणि सांगता येत नाही. म्हणून इंजिनावर राग. चूक सापडली की माणूस शांत होईल. वर्गात असंच व्हायचं. मूल रडत असलं की वहीतली चूक शोधून द्यायची.

भिगवणला जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस मोडणार. यांना सोडून अर्धा दिवस मी दोन वर्षांत कुठे गेले नव्हते. धक्का घराजवळ होता आणि तिथल्या हमालांच्या टोळीचे मुकादम ओळखीचे होते, त्यांची मुलगी माझ्या हाताखालून गेलेली. तेव्हा गार्ड कशाला, असं म्हणून मी यांची छत्री घेऊन धक्क्यावर गेले.

खताची गाडी लागलेली होती. डब्यांची दारं सताड उघडी, दारांना फळ्या लावलेल्या, आणि त्यावरून पाठीवर पोती घेऊन माणसं ट्रकात उतरत होती. खताच्या वासाने घसा खवखवत होता. मुकादम साठीच्या पुढचे, खांद्यावर टॉवेल. मला पाहून त्यांनी विडी विझवली, जशी मी मुख्याध्यापक बाई होऊन तपासणीला आले होते.

"चहा घेणार ना?" मी विचारलं.

"व्हय बाई."

मी टपरीवरून दोन चहा मागवले. त्यांनी तो उभ्या उभ्या सगळा संपवला. मग मी माझी प्रश्नांची वही उघडली.

"गाडी आली की या बाजूला लागते ना?"

"व्हय बाई."

"इंजिन पुढेच असतं ना, डब्यांना लावलेलं? सगळं उतरवून होईपर्यंत?"

ते क्षणभर गाडीच्या पुढच्या टोकाकडे बघत राहिले. "व्हय बाई," म्हणाले.

"आणि ट्रक डाव्या अंगाने येतात?"

"व्हय."

वीस मिनिटांत माझं संशोधन आटोपलं. माझ्या वहीत बारा प्रश्न आणि बारा होकार होते. मी इतकी खूश होते की गाडीच्या पुढच्या टोकाला खरंच काय उभं आहे हे चालत जाऊन बघावं, असं मला सुचलंही नाही. ऊन होतं आणि गाडी लांब होती, शिवाय विचारल्यावर बघायचं कशाला?

त्यानंतरचे पंधरा दिवस मी घरातल्या धक्क्याची डागडुजी केली. मावशी भाकऱ्या करायच्या आणि मी काड्यापेटीच्या काड्यांचे हमाल करायचे. धक्क्यावर रांगोळी भुरभुरून पांढरी धूळ केली. ट्रक डाव्या अंगाला घेतले. फुटलेल्या दिव्याच्या जागी टिकली लावली आणि इंजिन डब्यांना असं पक्कं जोडलं की सहजासहजी निघू नये. हे सगळं ते पलंगावरून बघत होते. झाल्यावर मी शाळेतल्यासारखे हात झटकले. "आता बरोबर आहे ना? आहे." आणि ताट आणायला आत गेले.

बाहेर आले तेव्हा त्यांनी इंजिन ओढून काढलं होतं. त्या ओढाओढीत पहिल्या डब्याचा पुठ्ठा फाटला होता. इंजिन डाव्या मुठीत घट्ट धरून ते माझ्याकडे बघत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आता," ते म्हणाले. "आता, आता, आता."

मला इतकं हरल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मावशी परातीतलं पीठ मळत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी हळूच म्हटलं, "बाई, एक बोलू का? तुमी धक्क्यावर गेल्ता न्हवं, त्या दिशी साहेब ब्येस जेवलं. आपल्या हातानं." मला वाटलं, ही आपली कामाची फुशारकी. "एवढ्या वेळात कसले जेवले असतील?" मी म्हटलं आणि डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिगवणच्या एसटीत बसले.

गार्ड निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. घर भिगवण स्टेशनच्या अंगाला, रुळांपासून हाकेच्या अंतरावर. वारा धरणाच्या पाण्याकडून येत होता आणि त्याला मासळीचा वास होता. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी खुर्ची दिली, यांच्या तब्येतीचं विचारलं. सगळं ऐकून घेतलं. मी वही उघडून पहिला प्रश्न वाचला. "गाडी धक्क्याला लागली की इंजिन डब्यांना लावलेलंच असतं ना, उतरवून होईपर्यंत?"

"वहिनी," ते म्हणाले, "तुमी विचारायला आलाय का सांगायला?"

सदतीस वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं. उठून निघून जावं असं वाटलं. पण तेवढ्यात मालगाडी आली आणि बोलणंच थांबलं. खिडकीची तावदानं थरथरत होती. गार्ड दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले आणि शेवटचा डबा जाईपर्यंत हलले नाहीत. शेवटच्या डब्यामागची पाटी पाहिली, मगच परत बसले. "शेवटचा डबा दिसला म्हंजी गाडी पुरी हाय," ते म्हणाले. "नायतर मधीच कुठं तुटून ऱ्हायली असंल. सवय जात न्हाय. हां, आता विचारा. पर 'ना' न लावता."

मला प्रश्न मांडताच येईना. तोंड उघडलं की शेवटी 'ना' येत होतं. अखेर मी म्हटलं, "गाडी धक्क्याला लागल्यावर काय होतं?"

"हां. लागली की पयलं काम, इंजिन काढायचं."

"काढायचं?"

"काढायचंच. इंजिन लावलेलं असताना डब्यात मानूस चढवायचा न्हाय. म्होरं इंजिन वाईच जरी हललं तरी मागल्या डब्यास्नी हिसका बसतो. आत पोत्यांची थप्पी, थप्पीखाली मानूस. चेंगरलाच. म्हून इंजिन मोकळं करायचं, बाजूच्या लायनीनं फिरवायचं आनि दौंडला लावून द्यायचं. डबं हितं, इंजिन तितं."

"म्हणजे डबे तसेच एकटे?"

"एकटेच. कुनी वडत न्हाय, कुनी ढकलत न्हाय. मग निवांत खाली हुत्यात."

यांची वही मी त्यांच्यापुढे केली. यांच्या ज्या खुणा मला महिनाभर उमगल्या नव्हत्या त्या त्यांनी चष्मा न लावता वाचल्या. गाडी लागली अमुक वाजता, इंजिन मोकळं अमुक वाजता, खाली संध्याकाळी. पानापानावर तेच. "ह्यास्नी ठावं हुतं की सगळं," ते म्हणाले. "माझ्याकडं निस्तं पक्कं करायला येनार आसतील."

मला तरीही ते बरं वाटेना. भरलेले डबे टाकून इंजिनाने चालतं व्हायचं, ही काय रीत? मी तसं म्हटलंही. गार्ड हसले. "डब्यास्नी काय वाटायचंय, वहिनी? खाली हुयाला मोकळीक लागती."

"मग डबे रिकामे झाले हे इंजिनाला कसं कळतं?"

"धक्क्यावरनं कळवत्यात. कळवल्याबिगर यायचं न्हाय. आधीच येऊन काय करनार? हमालांच्या उरावर हुबं ऱ्हानार?"

परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात फक्त रेल्वे होती. म्हणजे इंजिन काढायचं तर! एवढंच ना! दोन वर्षं हा माणूस हेच सांगत होता आणि मी रोज ते परत जोडत होते. मुकादमांचाही राग आला. डोळ्यांदेखत खोटं बोलले. भेटले की विचारणार होते. दुपारचं जेवण चुकणार नाही अशा हिशेबाने मी स्टँडवरून रिक्षा केली आणि घाईने आले. चपलांचा आवाज होऊ नये म्हणून नव्हे, पण पायरीवरच त्या काढल्या आणि अनवाणी दारात पोचले.

ते जेवत होते. मावशी स्वयंपाकघरात पाठमोऱ्या भांडी घासत होत्या. ते उशांना टेकून बसले होते, मांडीवर पाट, पाटावर ताट. डाव्या हातात चमचा. वरणात कुस्करलेली भाकरी ते चमच्यावर घ्यायचे, निम्मी सांडायची, उरलेली तोंडापर्यंत जायची. मग थांबायचे. चघळायचे. खिडकीबाहेर बघायचे. सदऱ्यावर वरण, उशीवर वरण. त्यांना काही घाई नव्हती. किती दिवसांनी मी त्यांचा तो चेहरा पाहत होते. वरच्या खोलीत पुठ्ठा कापत बसलेले असायचे तेव्हा तसाच असायचा.

मग मी त्यांना दिसले. त्यांनी चमचा खाली ठेवला, हात मांडीवर घेतला, आणि तोंड उघडलं. घास भरवून घ्यायला.

मी दाराची चौकट धरली. त्या उघड्या तोंडाचा मला जो घाव बसला तसा दवाखान्यातही बसला नव्हता. माझी चाहूल लागली की हा माणूस हात खाली ठेवून तोंड उघडतो, हे मी त्याला शिकवलं होतं. हसतखेळत, शहाणा माझा म्हणत.

मी धक्क्यापाशी गेले. डब्यांपासून इंजिन सोडवलं, बटण फिरवून बाजूच्या रुळावरून ते पार दौंडच्या टोकाला नेलं आणि थांबवलं. सहा डबे धक्क्याला एकटे उभे राहिले. ते बघत होते. मी विचारलं, "तुम्ही जेवताना मी कुठे असावं?" त्यांना मी विचारलेला हा पहिला प्रश्न असेल, ज्याचं उत्तर मला आधीच ठाऊक नव्हतं. म्हणजे ठाऊक झालं होतं, पण नको होतं. त्यांनी हात पुढे केला. दौंडचं टोक त्यांच्यापासून लांब होतं, म्हणून मीच इंजिन आणून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं, माझी बोटं मिटली, आणि माझा हात दाराच्या दिशेने हळूच ढकलला.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. आजारपणात सारं काढायचं आणि वर हाकलून घ्यायचं! मी तणतणत बाहेर ओट्याच्या पायरीवर जाऊन बसले. आतून चमचा पडल्याचा आवाज आला. मी उठायला लागले आणि हातातलं इंजिन बोटांना टोचलं. परत बसले. आत बराच वेळ खुडबूड चालली होती. मग चमचा पुन्हा ताटाला लागला.

असे आमचे सात महिने गेले. ताट मांडून मी इंजिन उचलायचे आणि पायरीवर जायचे. जेवण झालं की ते चमचा ताटावर तीनदा वाजवायचे, मग मी आत यायचे. हे त्यांनीच पहिल्या आठवड्यात ठरवलं. कुणी शिकवलं नाही. एकदा मी खूण व्हायच्या आधीच डोकावले तर त्यांनी असं काही पाहिलं की मी मुकाट्याने मागे फिरले. त्या महिन्यांत ते बरे झाले नाहीत. उलट डावा हातही कापायला लागला, जेवायला तास तास लागायला लागला. पण माझ्याकडे बघून त्यांनी पुन्हा तोंड उघडलं नाही.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी मी अशीच बसले होते. पावटा सोलत होते. आत चमचा वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. मग थांबला. मी वाट पाहिली. ऊन पहिल्या पायरीवरून दुसरीवर उतरलं. मनात आलं, जावं का? पण तीन ठोके झाले नव्हते. कळवल्याबिगर यायचं न्हाय. पावटा सोलून संपला तरी मी सालं चिवडत बसून राहिले. मावशी पाणी द्यायला गेल्या आणि त्यांनी मला हाक मारली.

डॉक्टर म्हणाले, क्षणात झालं असणार, तुम्ही शेजारी असता तरी काही फरक पडला नसता. काही दिवस माझा यावर विश्वास बसतो आणि काही दिवस बसत नाही. ताटात शेवटचा घास होता. कुस्करून, कडेला सारून, चमच्यात घ्यायला तयार केलेला.

तेराव्यानंतर चार-आठ दिवसांनी मुकादम भेटायला आले. टॉवेल हातात घेऊन बराच वेळ यांच्या फोटोकडे बघत बसले, मग त्यांचं लक्ष स्टेशनाकडे गेलं. उठून जवळ गेले. काड्यांचे हमाल पाहिले, रांगोळीची धूळ पाहिली. "इंजिन काढलंय," ते म्हणाले. "आता बरुबर हाय."

माझ्या अंगात एकदम सगळा राग चढला. "मुकादम, मग त्या दिवशी तुम्ही मला इंजिन लावलेलं असतं असं का सांगितलं?"

ते गडबडले. "म्या न्हाय सांगितलं, बाई. तुमीच म्हनला की लावलेलं आसतं म्हून."

"आणि तुम्ही व्हय म्हणालात!"

"मग? तुमी म्हनल्यावर न्हाय कसं म्हनायचं?" त्यात टोमणा नव्हता. जगाची रीत सांगावी तसं ते म्हणाले. "तुमास्नी कोन न्हाय म्हनंल, बाई?"

पलंग अजून तिथेच होता, नुसती गादी काढलेली. मग घरी आलेल्या माणसाला असं ताटकळत ठेवणं बरं नव्हे म्हणून उठले.

"चहा घेणार ना?"

"व्हय बाई."

मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथून परत आले. "मुकादम," मी म्हटलं, "काय घेणार तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. टॉवेलाची घडी उलटी केली, सुलटी केली.

"पानी द्या," ते म्हणाले. "चा मला सोसत न्हाय, बाई. कवाच सोसला न्हाय."